तिसरा दाणा

"झाकण उचलू नकोस," मी म्हणालो. "अजून एकही फुटलेला नाही."

केतकीने हात मागे घेतला. पातेल्यात चमचाभर तूप होतं आणि मक्याचे तीन दाणे. आधी तीनच दाणे टाकायचे, तिन्ही फुटले की तूप हवं तेवढं तापलं असं समजायचं, मग गॅस बारीक करून अर्धी वाटी दाणे आत सोडायचे. झाकण अगदी किंचित तिरकं ठेवायचं म्हणजे वाफ बाहेर जाते आणि लाह्या चिवट होत नाहीत. पातेलं दोन्ही कानांना फडक्याने धरून हलवत राहायचं. तडतड कमी झाली की मोजायला लागायचं. दोन आवाजांच्या मध्ये तीन आकडे मोजून झाले की गॅस बंद. लोणी अगदी शेवटी, वेगळ्या कढल्यात वितळवून, मीठ आणि चिमूटभर हळद घालून वरून सोडायचं. आधीच घातलं तर ते करपतं.

एवढं सगळं नऊ वर्षांच्या केतकीला पाठ होतं. तरी ती आजोळहून परतल्यानंतरच्या त्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही दोघं पातेल्याकडे कान लावून उभे होतो आणि आतून नुसता तुपाचा बारीक आवाज येत होता.

तिने उजवा हात वर केला.

"सर, मी तूप कमी घातलं असेल."

"नाही. मी बघत होतो. बरोबर घातलंस."

हा हात वर करणं माझ्या वर्गातलं. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. माझ्या वर्गात एकच नियम होता. आपली चूक आपल्याला कळली की हात वर करायचा आणि ती बोलून दाखवायची. बाकीच्यांनी हसायचं नाही, रागवायचं नाही. एवढंच विचारायचं, 'मग आता काय करायचं?' निवृत्तीनंतर आमच्या कराडच्या इमारतीतली पाच-सहा मुलं संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला बसत. त्यांच्यासाठीही तोच नियम होता.

पातेल्यात काहीतरी चिरल्यासारखा आवाज झाला. मी झाकण काढलं. तिन्ही दाणे तपकिरी झाले होते. एकाला बारीकशी भेग पडली होती. फुललं काहीच नव्हतं.

"दुसरे टाकू या?" केतकीने विचारलं.

दुसरे तीन टाकले. तेही तसेच. मग तिने बरणीच ओढून घेतली.

त्या बरणीबद्दल सांगायला हवं. केतकीचे वडील, प्रताप जगदाळे, ज्या कारखान्यात फिटर होते तो बंद पडला. म्हणून तिची आई शैलजा फेब्रुवारीत मस्कतला नर्स म्हणून गेली. चौदा महिन्यांनी पहिली रजा मिळणार होती. जाण्याआधी तिने पारदर्शक प्लॅस्टिकची एक मोठी बरणी मक्याच्या दाण्यांनी गळ्यापर्यंत भरली आणि बाहेरून नेलपॉलिशने चौदा लाल रेघा मारल्या. दर शनिवारी अर्धी वाटी. महिना झाला की दाणे एक रेघ खाली. शेवटची रेघ आली की आई आली. माझ्यासमोर तिने लेकीला आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सर शेजारी असल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. आणि, "तुला अगदीच राहवलं नाही तर फोनवर फक्त 'ये' म्हण. मी निघून येईन."

दुसरी गोष्ट सांगायला नको होती असं मला तेव्हाच वाटलं. मध्येच नोकरी सोडणाऱ्याला तिथे परत घेत नसत, आणि घर शैलजाच्या पगारावर चालत होतं. पण निघालेल्या आईला कोण काय सांगणार?

केतकी बरणी हलवून हलवून बघत होती. हलवता हलवता थांबली.

"सर, यात तांदूळ कुठून आला?"

पिवळ्या दाण्यांमध्ये खरंच तांदळाचा एक दाणा होता.

"वाळवण घातलं हुतं, तवा आला असंल," दारातून आवाज आला. ही हौसाताई, प्रतापची थोरली बहीण. प्रताप इस्लामपूरला एका वर्कशॉपमध्ये लागला होता. सकाळी सातला जायचा तो रात्री यायचा, रविवारीसुद्धा. पोरीकडे बघायला कोणीतरी हवं म्हणून हौसाताई पाटणजवळच्या गावाहून एप्रिलमध्ये आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या, नवरा नसलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. हातात लोण्याची वाटी घेऊन त्या आत आल्या.

"कसलं वाळवण?" केतकीने विचारलं.

"तू आजोळी गेलतीस बघ मे महिन्यात. गहू, तांदूळ, डाळी, समदं गच्चीवर टाकलं. हे मक्याचं बी टाकलं. चांगलं तीन उनं दिली. किडा लागू ने म्हनून."

केतकी माझ्याकडे वळली. "सर, उन्हामुळे होतं का असं?"

मला उत्तर तिने विचारायच्या आधीच कळलं होतं. मक्याच्या दाण्यात पाण्याचा अंश असतो. तो तापतो, त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला जागा नसते, म्हणून दाणा फुटतो. मे महिन्यातली तीन कडक उन्हं दिल्यावर आत पाणी राहणार कुठून!

"हो," मी म्हणालो. "उन्हानं होतं."

"म्हणजे सगळे गेले? सगळी बरणी?"

मी गॅस बारीक करायला वळलो. तेवढ्या वेळात तिने काय ते ठरवलं.

"तू का हात लावलास?" ती हौसाताईंवर ओरडली. "माझ्या आईने ठेवलं होतं ते! तुला कोणी सांगितलं होतं?"

हौसाताईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग वाटी ओट्यावर ठेवली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"तुला कोणी सांगितलं होतं, सांग ना!"

"कुनी न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या मनानं केलं."

"तुला काही कळत नाही! तू जा तुझ्या गावाला. उद्या आईचा फोन आला की मी सांगणार आहे, ये म्हणून."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार आपटलं. मी गॅस बंद केला. पातेलं सिंकमध्ये ठेवलं, त्यावर पाणी सोडलं. हे सगळं मी फार व्यवस्थित केलं, एवढं आठवतं. मग "येतो" म्हणून खाली माझ्या घरी आलो.

दिवेलागणीच्या सुमारास दारावर थाप पडली. हौसाताई होत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या.

"सर, एक इचारायचं हुतं. राग मानू नका."

"विचारा ना."

"त्या दिवशी गच्चीवर तुमी तुमचं गहू पसरत हुता. मला म्हनालात, 'ताई, नुसते गहू काय आणलेत, घरातलं असेल नसेल ते सगळं काढा. एकही डबा ठेवू नका. पावसाळ्यात पस्तावाल.' म्हनून मी परत खाली जाऊन समदं आनलं. ती बरनीबी. मग माजं चुकलं ते नेमकं कुठं, तेवढं सांगा. मला कळंना झालंय."

त्या टोचून बोलत नव्हत्या. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. माझ्याकडे अभ्यासाला बसणारी मुलं याच आवाजात शंका विचारत.

मला तो दिवस नीट आठवत होता. ती बरणी त्यांनी चादरीवर ओतली तेव्हा मी समोर होतो. दाणे पसरायला मीच हात लावला होता. वाळवणातलं सगळं मला कळतं, या तोऱ्यात होतो. मुलांना वाफेचे प्रयोग करून दाखवण्यात उभी हयात गेली, आणि दर शनिवारी ज्यांच्यासाठी पातेल्याजवळ उभा राहायचो ते दाणे मी स्वतः उन्हात पसरले.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "माझं चुकलं. बाकी धान्याला ऊन चालतं, याला चालत नाही. मला ते कळायला हवं होतं."

"असं हाय व्हय," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण खरंच कमी झाला.

"तुम्ही केतकीला का नाही सांगितलंत? माझं नाव का घेतलं नाही?"

"कसं घेनार? या बिल्डिंगीत ती एकट्या तुमचं ऐकती. आमचा प्रताप कामावर, आई दर्यापार. तुमीबी तिच्या नजरेतनं उतरला तर लेकरानं बघायचं कुनाकडं?" त्या जायला वळल्या. "मी उद्या बाराच्या यष्टीनं जाते. तिला मी नको झालीय. फोनवर 'ये' म्हनाली तर शैलजा येईलच. मग माजं काय काम?"

"अहो, ती रागात बोलली. नऊ वर्षांची आहे."

"नऊ वर्साचं खोटं बोलत न्हाई, सर," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

मला त्यांच्या मागोमाग वर जाता आलं असतं. गेलो नाही. सकाळी सांगू, पोर शांत झाल्यावर सांगू, असं मनाशी म्हणालो. खरं म्हणजे मला तिच्या डोळ्यांसमोर उभं राहायची लाज वाटत होती. तिच्याच वर्गातला सोहम एकदा माझ्याकडे भागाकारात चुकला आणि त्याने हात वर केला, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, "हात वर करायला दोन सेकंद लागतात. ते दोन सेकंद गेले की हात जड होतो." मुलांना सांगताना किती सोपं वाटलं होतं!

शैलजाचा फोन दर रविवारी अकराला माझ्याच घरी यायचा. इमारतीत तेव्हा तीनच फोन होते. रविवारी नऊ वाजता मी कॉफीच्या दोन रिकाम्या बाटल्या धुऊन पुसून घेतल्या, चहाचा चमचा खिशात टाकला आणि वर गेलो.

दाराजवळ हौसाताईंची कापडी पिशवी भरून ठेवलेली होती. वर घडी केलेली छत्री. केतकी स्वयंपाकघरात दूध पीत बसली होती. हौसाताई ओट्याजवळ ताक घुसळत होत्या.

"निघायच्या दिवशी हे कशाला काढलंत?" मी विचारलं.

"आठवड्याची साय साठली हुती. लोनी काढून ठेवते. शनवारी लागंल." त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं.

केतकीने दुधाच्या पेल्यातून मान वर केली नाही.

मी तिच्यासमोर पाटावर बसलो. आणि उजवा हात वर केला.

ती बघत राहिली. मोठ्या माणसाने हात वर केलेला तिने कधी पाहिला नव्हता. मीही यापूर्वी कधी केला नव्हता. नियम मुलांसाठी होता.

"सर, काय झालं?"

"दाणे उन्हात टाकायला आत्याला मी सांगितलं. एकही डबा ठेवू नका, असं म्हणालो. बरणी चादरीवर ओतली तेव्हा मी तिथेच होतो. पसरायलाही मीच मदत केली. काल तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसलो. म्हणजे माझ्या दोन चुका झाल्या. दुसरी मोठी आहे."

हौसाताईंची रवी थांबली.

केतकीच्या चेहऱ्यावर एकदम राग आला, मग तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. तिने आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझा हात वरच होता. अठ्ठावन्न वर्षांच्या खांद्याला कळ लागली होती, पण समोरच्याने नियमातला प्रश्न विचारल्याशिवाय हात खाली घ्यायचा नसतो.

शेवटी ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग आता काय करायचं?"

मी हात खाली घेतला. "दाण्यातलं पाणी गेलंय. ते परत देता येईल असं मला वाटतं. खात्री नाही. मी हे कधी केलेलं नाही. म्हणून सगळ्या बरणीवर नको, आधी थोड्यावर करून बघू."

दोन्ही बाटल्यांत एकेक वाटी दाणे घातले. एकीत चहाचा चमचाभर पाणी टाकलं, झाकण घट्ट लावलं आणि खूप हलवलं, सगळे दाणे ओलसर चकाकेपर्यंत. दुसरी तशीच कोरडी ठेवली.

"ही कशाला?" केतकीने कोरडी बाटली उचलून विचारलं.

"फरक पाण्यामुळेच पडला की आणखी कशामुळे, हे कळायला. पाण्याची बाटली रोज सकाळ-संध्याकाळ हलवायची. शनिवारी दोन्हींमधले दाणे टाकून बघू."

"आणि नाही फुटले तर?"

"तर नवीन दाणे आणू. पण ते आईने भरलेले नसतील. ते मी बदलू शकत नाही."

तिने मान हलवली. असं सरळ सांगितलेलं मुलांना सोसतं, हा माझा अनुभव आहे.

मग ती उठली. ओट्याजवळ जाऊन आत्याच्या मागे उभी राहिली आणि तिनेही हात वर केला. हौसाताईंना पाठीमागे काय चाललंय हे दिसत नव्हतं. त्या रवी धरून तशाच उभ्या.

"आत्या, इकडे बघ ना."

"काय गं? आनि हे काय, सकाळधरनं हात वर करून बसलाय दोघं? देवीबिवी आली का काय अंगात?"

"मी काल ओरडले. तुला जा म्हणाले. ते चुकलं." तिने हात आणखी ताणला. "आता तू विचारायचं असतं."

"काय इचारायचं?"

"मग आता काय करायचं, असं."

हौसाताईंनी लोण्याने भरलेला हात पदराला पुसला, मग तो पदर चांगला होता हे लक्षात येऊन चुकचुकल्या. प्रवासासाठी ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या.

"मग आता काय करायचं?" त्या म्हणाल्या.

"तू नको जाऊ."

त्यांनी दाराजवळच्या पिशवीकडे पाहिलं. "शनवारपतूर ऱ्हाते," त्या म्हणाल्या. "दानं फुटत्यात का बघते. मग बघू."

अकराला फोन वाजला. मी नेहमीसारखा गॅलरीत जाऊन उभा राहिलो, पण त्या दिवशी दार लोटून घ्यायचं धाडस झालं नाही. केतकी म्हणत होती, "हो, जेवते... हो... आई, दाणे बिघडलेत. सरांची चूक आहे. त्यांनी हात वर केला... हो, खरंच, आपले सरच... नाही, आत्याला मी ओरडले, ती माझी चूक..." मग ती नुसती ऐकत राहिली. पलीकडून शैलजा काहीतरी विचारत असावी. काय विचारत असावी हे मला माहीत होतं. मी गॅलरीचा कठडा धरून खालच्या सायकली मोजत होतो.

"शनिवारी कळेल, आई," केतकी म्हणाली. "मी तुला पुढच्या रविवारी सांगते. तू आत्ता नको येऊ."

तो आठवडा तिने बाटली इतकी हलवली की खालच्या मजल्यावरून मला ऐकू यायची. बुधवारी दाण्यांवरचा ओलेपणा दिसेनासा झाला. "पाणी आत गेलं," ती जिन्यात भेटेल त्याला सांगायची.

शनिवारी दुपारी चारला आम्ही तिघं ओट्यापाशी होतो. हौसाताई पहिल्यांदाच जवळ थांबल्या होत्या. एरवी त्या तडतडीला भिऊन दारापलीकडे असायच्या. पिशवी दाराजवळच होती. आठवडाभर त्यांनी ती रिकामी केली नव्हती.

आधी कोरड्या बाटलीतले तीन दाणे टाकले. ते जळून काळे झाले. केतकीने ते काढले, पातेलं पुसलं, पुन्हा तूप घातलं आणि ओल्या बाटलीतले तीन टाकले. झाकण ठेवलं.

तूप तापायला वेळ लागतो. मुलांना आणि मोठ्यांनाही तो नेहमीच जास्त वाटतो.

फट्ट.

केतकीने माझा हात घट्ट धरला. झाकणाला आतून काहीतरी आपटलं होतं. आणि लगेच दुसरा, फट्ट. हौसाताई एक पाऊल मागे सरकल्या, मग परत पुढे आल्या.

"दोन झाले," केतकी म्हणाली. "तिसरा?"

तिसरा फुटेना. ती मोजायला लागली. पाच झाले, आठ झाले, बारा झाले. मी गॅस किंचित कमी केला. आता करपल्याचा वास येईल म्हणून मी वाकून झाकणाच्या फटीशी नाक नेलं.

"ह्यो काय फुटायचा न्हाई," हौसाताई म्हणाल्या.

"थांब ना, आत्या. काही काही उशिरा फुटतात."

"मग हाय तुमच्या सरांच्यासारखा," हौसाताई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. "एक दीस उशिरा."

मी काहीतरी उत्तर देणार होतो, तेवढ्यात झाकण खणकन वाजलं.

"टाका आता अर्धी वाटी," हौसाताई म्हणाल्या, आणि दाराजवळची पिशवी उचलून आतल्या खोलीत घेऊन गेल्या.